पळसबनचं मागचं दार

अमरावती सोडून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की शहर संपतं न संपतं तोच डाव्या हाताला 'पळसबन' हॉटेल दिसतं. हॉटेलच्या पाठीला प्रगती ले-आउट. दोघांच्या मधे एक गल्ली, इतकी अरुंद की मेटॅडोर आली तर सायकलवाल्यानं उतरून भिंतीला चिकटावं. गल्लीच्या एका अंगाला हॉटेलच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आणि दुसऱ्या अंगाला, थोडंसंच पुढे, चंदाबाईचं घर. डाळ शिजत टाकून चंदाबाई घरी यायची, दोरीवरचे कपडे काढायची, नवऱ्याला चहा करून द्यायची आणि डाळ उतू जायच्या आत परत चुलीपाशी हजर व्हायची.

"माही नोकरी म्हंजे या खोलीतून त्या खोलीत जाणं हाय," असं ती हसत सांगायची. हसली की तिचं सगळं अंग हलायचं.

चंदाबाई मूळची तिवशाकडची, माळ्याची लेक. बापाची भाजीची वाडी होती. मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीचा उत्सव असला की बाप बैलबंडीत वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या भरून आश्रमाच्या भटारखान्यात नेऊन टाकायचा, आणि चंदी मागे पाय लोंबकळत सोडून बसलेली असायची. भाजी उतरवून झाली की बाप मंडपात भजनाला जायचा आणि ही बायकांमध्ये घुसून वांगी चिरायची. परकराची पोरगी होती तेव्हापासून तिनं मोठी पातेली पाहिली. दोन माणसांचा स्वयंपाक तिला कधीच नीट जमला नाही. देवमनशी लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर घरात रोज शिळं उरायचं. गर्दी म्हटली की मात्र तिचा हात मोकळा व्हायचा.

देवमन हाही माळीच. भावांची वाडी गावाकडे, आणि ह्याचं भाजीचं दुकान ले-आउटच्या कोपऱ्यावर. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. रोज दिवे लागायच्या वेळी दुकानापुढे सतरंजी अंथरून तो सामुदायिक प्रार्थना घ्यायचा. दहा-बारा जण जमायचे. देवमनच्या हातातली खंजिरी वाजायला लागली की भाजी घ्यायला आलेली माणसंही पिशवी खाली ठेवून टाळ्यांचा ठेका धरायची. दारू, विडी, खर्रा, कशालाही तो कधी शिवला नव्हता आणि तसं त्याला कोणाला सांगतही फिरावं लागलं नव्हतं. त्याच्याकडे पाहूनच कळायचं.

ले-आउटमध्ये कोणाकडे बारसं असो की तेरवी, पातेल्यापुढे चंदाबाईच. अशाच एका भंडाऱ्यात तिच्या हातची बेसनाची पाटोडी शेखरच्या पानात पडली. शेखर हा रस्त्याकडेच्या शेताचा मालक. पुण्यात मोठ्या हॉटेलात काही वर्षं नोकरी करून परत आला होता आणि स्वतःचं हॉटेल काढायच्या खटपटीत होता. पान तसंच ठेवून तो उठला, भटारखान्यात आला आणि म्हणाला, "काकू, हे माह्या हाटेलात पायजे."

"पाटोडी का मी?" चंदाबाईनं विचारलं.

"दोघी."

हॉटेल उघडलं त्या दिवसापासून पळसबनची चूल चंदाबाईची झाली. पाटोडीचा रस्सा, भरली वांगी, डाळीचे वाफवलेले फुनके, थंडीत गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. मटणाचा रस्साही तीच करायची, स्वतः खात नसली तरी. चव मात्र मदतनीस बाईला पाहायला लावायची. मोर्शीकडची, चांदूरकडची माणसं गाड्या काढून जेवायला येऊ लागली. देवमनच्या दुकानातून हॉटेलला रोज भाजी जायची. सगळं छान चाललं होतं.

मग शेखरनं परमिट रूमचा परवाना काढला.

ती बातमी देवमननं दुकानात ऐकली आणि रात्री जेवताना पहिला घास हातात धरून म्हणाला, "आता तू तिथं जाऊ नोको."

"काहून?"

"दारूच्या हाटेलात काम करणं बरं दिसत नाई. मी रोज सांजच्याले प्रार्थनेले बसतो, अन् माही बायको…"

"दारू टेबलावर हाय, चुलीवर नाई," चंदाबाई म्हणाली. "अन् मी चुलीवाली हाय. घास खा. थंडा होऊन राह्यला."

देवमननं घास खाल्ला. पानातली भाकर संपवून म्हणाला, "मंग मी एक सांगतो. माह्या दुकानातली भाजी त्या हाटेलात जाणार नाई."

"नोका देऊ. पन घरच्या भाजीत हात आखडू नोका."

इतकंच. पुढे ना त्यानं तो विषय उकरून काढला, ना तिनं. हॉटेलसाठी शेखर भाजीबाजारातून भाजी आणू लागला. ती वांगी उलटीपालटी करून पाहताना चंदाबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, पण नवऱ्याला तिनं एकदाही 'द्या ना' म्हटलं नाही. तत्त्व म्हटलं की ते पाळणाऱ्याला सोपं जाईल असं वागावं, हे ती बापाकडून शिकली होती.

त्रास झाला तो वेगळ्याच वाटेनं. हॉटेलपुढची जागा मोटारींनी भरून जायची, म्हणून मोटारसायकलवाले मागच्या गल्लीत गाड्या लावू लागले. स्वयंपाकघरात धग फार, त्यामुळे मागचं दार सताड उघडं. गाडी गल्लीत उभी, मग पुढून फेरा घालून कशाला जायचं? जेवून उठलेली माणसं हात धुवायच्या नळापासून आत वळत आणि चंदाबाईच्या पाठीमागून गल्लीत उतरत. काही जण उरलेली बाटली खिशात घालून यायचे आणि नालीवरच्या फरशीवर बसून संपवायचे. बाटली संपली की फुटायची. कोणी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. शिकवणीला जाणाऱ्या पोरींनी ती गल्ली सोडली. मोठ्या रस्त्यानं, ट्रकच्या बाजूनं, लांबचा फेरा घालून त्या जाऊ लागल्या.

चंदाबाईला हे सगळं चुलीवरून दिसायचं. तिनं शेखरला सांगितलं, "शेखर भाऊ, मांगच्या गल्लीत मान्सं बसून राह्यले. काचा करून राह्यले. हे बंद करा."

"हो काकू, पाहतो."

पुन्हा एकदा सांगितलं. पुन्हा "पाहतो." शेखर मनानं वाईट नव्हता, पण लग्नसराईचे दिवस होते, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्याची पुरेवाट व्हायची, आणि गल्ली त्याच्या गल्ल्यावरून दिसत नव्हती.

माघ संपत आला होता. शालू नावाची एक नर्स ले-आउटमध्ये राहायची, चंदाबाईच्या दारापासून तिसऱ्या घरात. दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती दिवे लागायच्या सुमारास स्कूटीवरून घरी येत होती. गल्लीत दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या. त्यांना चुकवायला तिनं स्कूटी नालीच्या बाजूला घेतली, चाकाखाली बाटली आली, आणि स्कूटी एकीकडे, शालू दुसरीकडे.

आवाज ऐकून चंदाबाई कणकेच्या हातांनीच बाहेर धावली. शालूचा उजवा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळलेला.

"मावशी, मोडला हात," शालू दात आवळून म्हणाली. रोज दुसऱ्यांच्या जखमा पाहणारी पोरगी, रडली नाही. चंदाबाईच मात्र रडली. फरशीवर बसलेली माणसं तोवर उठून निघून गेली होती.

शालूच्या हाताला प्लास्टर घातलं आणि ले-आउटचा संयम सुटला. केशवराव हे ले-आउटच्या कमिटीचे अध्यक्ष. वीज खात्यातून निवृत्त झालेले, शर्टाला इस्त्री असल्याशिवाय घराबाहेर न पडणारे. त्यांनी अर्ज लिहिला: परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आलीच आहे, तेव्हा ह्या वस्तीच्या सुरक्षिततेचा विचार व्हावा आणि परमिट रद्द करावं. अर्ज घेऊन ते घरोघरी फिरले. देवमननं पहिल्या पाचांत सही केली. मग केशवरावांनी पेन चंदाबाईपुढे धरला.

"मी नाई करत," चंदाबाई म्हणाली.

"म्हंजे तुमी हाटेलवाल्याच्या?"

"तसं नाई भाऊ. मी सही केली तर हाटेलाले कुलूप लावा म्हनल्यासारखं होते. नाई केली तर शालूचा हात मोडलाच नाई म्हनल्यासारखं होते. तुमच्या कागदात माही गोठच बसत नाई."

केशवरावांनी देवमनकडे पाहिलं. देवमननं दुसरीकडे पाहिलं. पेन परत खिशात गेला.

फाल्गुन लागला, रस्त्याकडेचे पळस पेटल्यासारखे लाल झाले, तेव्हा एका संध्याकाळी उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक पाहणीला आले. धम्मदीप तायडे त्यांचं नाव. अकोल्याचे, चाळिशीच्या आतले, आवाज खाली ठेवून बोलणारे. सोबत एक पोलीस हवालदार आणि मोजायचा टेप. टेप निघाला तसं सगळं ले-आउट बाहेर निघालं.

परमिट रूम शाळेपासून ठरावीक अंतरावर हवी असा नियम, म्हणून पहिला वाद झाला तो ले-आउटमधल्या शाळेच्या फाटकावरून. शाळेला दोन फाटकं. एक नवं, रोजच्या वापराचं, आणि एक जुनं, गंजून बंद पडलेलं, पण हॉटेलच्या जवळचं. केशवराव म्हणाले, जुन्यापासून मोजा. शेखर म्हणाला, नव्यापासून. कोणी म्हणालं टेप सरळ धरा, कोणी म्हणालं रस्त्यानं वळवून धरा. टेपचं एक टोक धरलेल्या हवालदाराला चौघे जण चार दिशांना जायला सांगत होते. तायडेंनी दोन्ही फाटकांपासून मोजून घेतलं. दोन्हीकडून अंतर नियमात बसत होतं.

शेखरच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. तायडे म्हणाले, "अंतर बसलं म्हणजे सगळं बसलं असं होत नाही. मला मागची गल्ली पाहायची आहे."

सगळा लवाजमा गल्लीत आला. मागचं दार बंद होतं. त्या दिवसापुरतं शेखरनं ते बंद ठेवायला लावलं होतं. आत चंदाबाई घामानं निथळत होती. शेवटी दार उघडलं गेलं आणि समोर अर्धं ले-आउट उभं असलेलं तिला दिसलं. पुढे शेखर, केशवराव, प्लास्टर गळ्यात अडकवलेली शालू. आणि सगळ्यांच्या मागे, डोक्यानं उंच, देवमन.

"हे दार फक्त किचनच्या कामासाठी आहे साहेब," शेखर सांगत होता.

"दारुडे इथूनच निघतात," केशवराव म्हणाले. "सगळे बाहेरगावचे लोक. आमच्या वस्तीचा काही संबंध नाही."

तायडे चंदाबाईकडे वळले. "मावशी, तुम्ही इथं काम करता?"

"हाव साहेब. अन् राहतो बी इथंच. थे घर माहं."

"मग तुम्हीच सांगा. हे दार कसं वापरलं जातं?"

शेखर खाली पाहत होता. चंदाबाईच्या हातात रश्शाचा डाव होता. तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. तिच्या मनात आलं, ह्या पोरानं आपल्याला मानानं आणलं, एका शब्दानं कधी दुखावलं नाही. आणि लगेच दुसरं आलं, तिरपं वळलेलं ते मनगट.

"साहेब, खोटं बोलता येत नाई मले," ती म्हणाली. "येत असतं तरी शालू समोर उभी हाय. दार उघडंच राह्यते. धग लय होते आतमंदी. मान्सं इथूनच उतरतात, गाड्या इथंच लावतात, त्या फरशीवर बसून पितात. मी शेखर भाऊले सांगतलं होतं. ते पाहतो म्हनले, पन त्याइनं पायलं नाई."

केशवरावांनी मान डोलावली, विजयानं. पण चंदाबाईचं संपलं नव्हतं.

"अन् भाऊ म्हनतात बाहेरचे लोकं. बाहेरचे हायेत, पन आपल्यातलेही हायेत. नाव मी घेत नाई. दुसरं एक सांगतो साहेब. हाटेल नव्हतं तवा ही गल्ली म्हंजे उकिरडा होता. दिवा नव्हता. सांज झाली की पोरी इकडून येतच नव्हत्या. दिवा शेखर भाऊनंच लावला. आमी चार जनी इथं कामाले लागलो. म्हनून मी बंद करा म्हनत नाई. पन असं चालू ठेवा, असंही म्हनत नाई."

"मग काय करावं म्हणता?"

"थे तुमी ठरवा साहेब. तुमचं काम हाय थे. माह्या चुलीवर रस्सा हाय, मी जाऊ?"

तायडे हसले. "जा."

ते बराच वेळ गल्लीत उभे राहिले. दिवा कुठवर पोचतो ते पाहिलं, शालूकडून ती कशी पडली ते समजून घेतलं, पुढची गाड्यांची जागा चालत पाहिली, आणि पंचनामा करून निघून गेले.

आता झालं असं की चंदाबाईवर दोन्हीकडची माणसं रुसली. शेखर स्वयंपाकघरात यायचा बंद झाला. काय हवं ते वेटरच्या तोंडून कळवू लागला. ले-आउटमधल्या बायका तिला पाहून नळावरचं बोलणं आवरतं घेऊ लागल्या, कारण तिनं 'बंद करा' म्हटलं नव्हतं. चंदाबाई रागावली की ठेचा तिखट होतो हे हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी पाण्याचे जग रिकामे केले.

घरी देवमन गप्प होता. तो गप्प असणं नवं नव्हतं, पण गप्प राहण्याचेही प्रकार असतात. शेवटी तिनंच विचारलं, "तुमी रागावले का माह्यावर?"

"तू इतल्या लोकांत हाटेलाची बाजू घेतली."

"हाटेलाची कुठं घेतली? शेखर भाऊ तर बोलत नाई मले."

"थो काहून नाई बोलत?"

"मी ले-आउटची बाजू घेतली म्हनून."

देवमनच्या ओठाचा कोपरा हलला, आणि दोघंही एकदम हसायला लागले. इतके, की अकोल्याहून कृषी कॉलेजातल्या लेकीचा, रागिणीचा फोन आला तो दोघांनाही पटकन उचलता येईना. "काय झालं तुमाले?" रागिणी पलीकडून विचारत होती. "काई नाई बेटा," चंदाबाई डोळे पुसत म्हणाली, "तुह्या मायशी गावात कोनी बोलत नाई."

एकदा संध्याकाळी केशवराव भाजीच्या निमित्तानं दुकानावर आले. चंदाबाई तिथेच बसली होती. वांगी निवडता निवडता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमी आपल्यातले म्हनले. आमचा अश्विन होता का त्यात?"

अश्विन म्हणजे त्यांचा मुलगा. नोकरीच्या शोधात दोन वर्षं घरी बसलेला. नालीवरच्या फरशीवर चंदाबाईनं त्याला कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "मी काहून सांगू? तुमी त्यालेच इचारा. अन् इचारताना जेवाले बसवून इचारा, उभ्यानं नोका इचारू."

केशवरावांनी वांगी पिशवीत घातली. जाताना ते नेहमीपेक्षा थोडे वाकलेले दिसले. पण फरशीवर पुन्हा अश्विन दिसला नाही, आणि काही दिवसांनी बापलेक दोघं सकाळी फिरायला जाताना चंदाबाईला दिसू लागले.

शेखरचा रुसवा त्याहून लवकर गेला. एका दुपारी तो आला, पिठाच्या डब्यावर बसला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "काकू, तुमी दोनदा सांगतलं होतं मले."

"हाव."

"मीच कानाआड केलं. काल शालूताईच्या घरी जाऊन आलो. तिच्या मायनं चहा देला, पन माह्याशी बोलली नाई एक शब्द."

"बोलन. टाईम लागते," चंदाबाई म्हणाली, आणि त्याच्यापुढे गरम फुनके ठेवले. शेखरनं खाल्ले.

सुनावणी जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. चंदाबाईला बोलावणं नव्हतं, पण शालू म्हणाली, "मावशी, चाला ना माह्यासंगं," म्हणून ती गेली आणि मागच्या बाकावर पदर सावरून बसली. तायडेंचा अहवाल वाचला गेला. केशवराव बोलले, पण ह्या वेळी 'बाहेरचे लोक' हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. शेखर बोलला आणि चूक मान्य केली. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचं आहे का?

देवमन उभा राहिला. हा माणूस प्रार्थनेबाहेर चार लोकांत कधी बोलत नसे.

"साहेब," तो म्हणाला, "माह्या मनातलं इचारान, तर दारूचा एक थेंब नसावा दुनियेत. थे मी आजही सांगतो अन् उद्याही सांगन. पन इथं दुनियेचा सवाल नाई, आमच्या गल्लीचा हाय. म्हनून दुसरंही सांगा लागते. त्या हाटेलात माही बायको काम करते. आजवर तिथून ती मान खाली घालून घरी आली नाई. तिनं जे सांगतलं साहेबाले, थे खरं हाय. मी तिच्याहून जास्त काई सांगू शकत नाई."

तो खाली बसला. चंदाबाईनं पदराचं टोक उगाचच पुन्हा नीट केलं. बाजूला बसलेल्या शालूनं डाव्या, धड हातानं तिचा हात दाबला.

काही दिवसांनी निकाल आला. परवान्याचं एका वर्षासाठी नूतनीकरण, पण अटींवर: मागचं दार विटा लावून कायमचं बंद करायचं, गल्लीत हॉटेलची एकही गाडी लागता कामा नये, बाजूच्या शेखरच्या शेताचा तुकडा गाड्यांसाठी मोकळा करायचा, गल्लीत आणखी दिवे, फाटकावर माणूस, आणि दारू देणं आधीपेक्षा लवकर थांबवायचं. वर्षानं पुन्हा पाहणी. केशवरावांना हे कमी वाटलं, शेखरला जास्त वाटलं. देवमन एवढंच म्हणाला, "एक साल पाहू."

गवंडी आला आणि दिवसभरात दार बुजवून गेला. शेखरनं धगीसाठी वर दोन मोठे पंखे बसवून दिले. फरशी धुतली गेली. शिकवणीच्या पोरी पहिले काही दिवस घोळक्यानं आल्या, मग एकेकट्या, सायकलची घंटी वाजवत. शालूचं प्लास्टर निघालं. ती स्कूटीवर बसायला जरा घाबरत होती, तर चंदाबाई तिच्या मागे बसली आणि दोघींनी गल्लीतून एक फेरी मारली. चंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसली होती. सगळी गल्ली ऐकेल अशी ओरडत होती.

फक्त एक गोष्ट तिनं हिशेबात धरली नव्हती. दार बुजलं तशी तिची घरी जायची वाटही बुजली. आता घरी जायचं म्हणजे स्वयंपाकघरातून जेवणाच्या हॉलमध्ये यायचं, सगळ्या टेबलांमधून चालत पुढच्या फाटकाशी, आणि तिथून वळसा घालून ले-आउटमध्ये. डाळ टाकून कपडे काढायला जाणं संपलं. "मागलं थे भेटलं," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "पन माह्यावरच येऊन पडन, हे कोनाले ठाऊक?"

पहिल्या दिवशी त्या हॉलमधून जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळदीचे डाग पडलेलं लुगडं, हातात चपला, दोन्ही बाजूंना शहरातली माणसं. इतकी वर्षं तिनं रांधलं, पण खाणाऱ्यांची तोंडं तिनं कधी पाहिली नव्हती. रिकामी ताटं तेवढी परत यायची. दुसऱ्या दिवशी तिनं चपला घातल्या. पुढच्या आठवड्यात धुतलेलं लुगडं वेगळं आणून ठेवलं. आणि मग ती हळूहळू चालू लागली, कारण तिच्या लक्षात आलं की लोकांकडे पाहायला गंमत येते. कोण भाकर रश्शात चुरतो, कोण वांग्याचं देठ चोखतो, कोण पोराला पहिला घास फुंकून भरवतो.

चैत्रातल्या एका दुपारी ती अशीच निघाली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर यवतमाळकडचं एक कुटुंब बसलं होतं. मोझरीला दर्शन करून परत चाललेलं, म्हातारी सासू, सून आणि दोन पोरं. म्हातारीनं शेखरला विचारलं असावं, कारण त्यानं लांबूनच चंदाबाईकडे बोट दाखवलं.

"अवं माय," म्हातारीनं हाक मारली, "हे पाटोडी तुनं केली का?"

"हाव बाई. काई कमी-जास्त झालं का?"

"कमी काई नाई. माह्या मायच्या हातची असी राहे. या पोरीले मी दहा सालापासून शिकवून राह्यली, तिले येतच नाई. बस इथं. सांग तिले."

सून लाजून हसली. चंदाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. हॉटेलच्या खुर्चीवर ती आजवर बसली नव्हती. शेखरनं स्वतः येऊन खुर्ची मागे ओढली आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला, गिऱ्हाइकापुढे ठेवतो तसा.

चंदाबाई बसली. खुर्ची चांगली ऐसपैस होती.

"हे पाय बेटा," ती सुनेला म्हणाली, "बेसन कालवाची घाई कराची नाई, पह्यली गोठ…"

बाहेर फाटकाशी देवमन येऊन उभा होता. बायकोला उशीर झाला म्हणून पाहायला आला असेल. आत पाऊल टाकायचा त्याचा विचार नव्हता आणि तो टाकणारही नव्हता. काचेतून त्यानं तिला खुर्चीवर बसून हातवारे करताना पाहिलं. तिनंही त्याला पाहिलं, आणि थांबा जरा, अशी हातानं खूण केली. तो पळसाच्या सावलीत सरकला आणि थांबला. आत चंदाबाई बेसनावरून फोडणीकडे आली होती, आणि म्हातारी मधे मधे "ऐक, ऐक" म्हणत सुनेच्या पाठीवर थोपटत होती.